डोक्यावरची पिशवी

तळोद्याच्या स्टँडवर एक पोरगी रोज सकाळी नंदुरबारची बस येईपर्यंत उंच टाचांच्या सँडलवर चालायचा सराव करायची. हात पसरून, ओठ दाताखाली धरून. घोट्याला चिकटपट्ट्या. तोल गेला की रिक्षावाले ओरडायचे, "पडनी, पडनी!" त्यांच्यापेक्षा मला तिचाच राग यायचा. एवढा कसला सोस?

एकदा ती माझ्याच अंगावर कोलमडली. मी फणकारले, "झेपत नाही तर घालतेस कशाला?"

"साड्यांच्या दुकानात कामाला लागले, मॅडम. तिथे हेच घालावं लागतं. गावी धडगावला मी डोक्यावर दोन हंडे घेऊन डोंगर चढायचे, पण मालक म्हणतात, तुला चालताच येत नाही."

"आणि ते स्वतः काय घालतात?"

"स्लीपर."

माझं डोकंच फिरलं. डोंगर चढणाऱ्या पोरीला हा गादीवर बसून चालणं शिकवणार!

तिने डब्याची पिशवी डोक्यावर ठेवली, हात सोडले आणि त्याच सँडलवर फलाटभर ताठ, झोकात चालून आली.

"असं जमतं," ती म्हणाली. "पण दुकानात डोक्यावर काही ठेवू देत नाहीत."

बस लागली. तिने पिशवी खाली घेतली आणि दांडा धरून, म्हातारीसारखी एकेक पायरी चढली.