नर्मदेला कचरा मिळेना

आमच्या देवबागच्या वाडीत सुका कचरा न्यायला नर्मदा येते. पन्नाशीची, काटक, आणि आवाज असा की खाडीपलीकडची कुत्री उठून उभी राहतात. पंचायतीने तिला हातगाडी दिली, निळा कोट दिला आणि तंबीही दिली: दोन महिन्यांत वाडीतून टेम्पोभर प्लास्टिक निघालं नाही, तर ते न्यायला येणारा शनिवारचा टेम्पो बंद आणि नर्मदेचं कामही बंद. नवऱ्यामागे मिळालेलं हे तिचं पहिलं पगाराचं काम. ती ते कसं सोडणार?

पहिल्या आठवड्यात लोकांनी मासळीच्या पिशव्या तशाच दिल्या. गाडीमागे अकरा मांजरांची वरात. नर्मदेने दारोदार बजावलं, "धुवन, सुकवन देवा गो!"

इथेच घोटाळा झाला. आमच्या बायका धुवायला बसल्या की थांबत नाहीत. दुधाच्या पिशव्या राखेने घासल्या, दोरीवर वाळवल्या, घड्या घातल्या. मग इतकी लख्ख पिशवी कचऱ्यात कोण देणार? कोणी तिच्यात कोकमाची सोलं भरली, कोणी मुंबईच्या लेकाला सुकट बांधली.

"भाभी, कचरो खंय?" नर्मदा शेजारच्या मुनिराच्या दारात ओरडली.

"खंयचो कचरो? ही बघ, आरशासारखी झाली. ही काय टाकूची वस्तू?"

मी शिकलेली बाई, मी सभा घेतली. कासवांच्या पोटातल्या प्लास्टिकवर तासभर बोलले. बायकांनी माना डोलावल्या, चहा घेतला आणि चहाचे प्लास्टिकचे कप धुवायला घरी नेले.

"काकी, तुमचा भाषण बरा झाला," नर्मदा म्हणाली, "पण माझी गाडी रिकामीच."

सातव्या आठवड्यात तिने स्वतःचं डोकं चालवलं. आमच्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत, निदान साखरेचे चार दाणे तरी घालतात. नर्मदेने घरोघरी एकेक गोणपाटाची पिशवी दिली, आत मूठभर बिंबलं, आमच्या परसातली आंबट फळं. आता पिशवी परत करताना तीत प्लास्टिक तरी घालतील, असा तिचा हिशोब. शनिवारी न्यायला येते म्हणाली.

शनिवारी सगळ्या पिशव्या भरून तयार! घावणे, काजू, मुनिराकडून डबाभर बांगड्याचं तिखलं. प्लास्टिक औषधालाही नाही. नर्मदा तशीच मागे वळली. आणि तिने डबा मुनिराच्या पायरीवर आपटला.

"भाभी, माका खाऊक घालू नको, कचरो घाल! फुडच्या शनवारी माझा काम गेला तर मी रोज तुझ्याकडे जेवूक येतलंय. सकाळ-सांज. आणि एकल्या तुझ्याकडेच नाय, वाडीत सगळ्यांकडे!"

नर्मदेचं जेवण आम्ही लग्नाच्या पंगतीत पाहिलेलं आहे. बातमी दुपारच्या आत शेवटच्या घरी पोचली.

पुढच्या शनिवारी ट्रंकांतून, गाद्यांखालून, देव्हाऱ्यामागून पिशव्या निघाल्या. तरी टेम्पोत हातभर जागा उरली. ग्रामसेवक टेम्पो भरल्याच्या दाखल्याचा कागद घेऊन उभा, सही बाकी. नर्मदा सरळ माझ्या घरात शिरली. कबूल करते, पिठाच्या डब्यामागे माझा गठ्ठा होता, सुतळीने बांधलेला. तो दिला, पण वरची गुलाबी पिशवी काही हातातून सुटेना.

"ही राहू दे गो. दांडी मजबूत आहे."

"सोडा काकी," तिने ती हिसकावली. "ती पिशवी नाय, माझी नोकरी आसा."

टेम्पो गच्च भरला, मागची फळी वाडीतल्या दोघांनी रेटून लावली. ग्रामसेवकाने तिथेच, टेम्पोच्या पाठीवर कागद ठेवून सही केली.