पंचरंगीवाल्या काकू

नर्सरीवाल्या काकूंना सगळे 'पंचरंगीवाल्या' म्हणत. पंचरंगी म्हणजे कुंपणाला लावायचं झुडूप, खरं तर घाणेरी. पान चुरगळलं की उग्र वास येतो. "घाणेरी म्हटलं तर कुणी दारात उभं राहील का?" म्हणत काकूंनीच हे नाव ठेवलं. एका गुच्छात चार-पाच रंग, पाण्याचे लाड नाहीत, गुरं तोंड लावत नाहीत. नवरा गेल्यावर याच रोपांवर त्यांनी लेकीला शिकवलं. त्यांनी निवडून निवडून वाढवलेला, जांभळ्या काठाचा गुच्छ तर दुसऱ्या कुठल्याच नर्सरीत नव्हता.

त्यांचा धाकटा भाऊ जंगलात वनरक्षक. आला की कुरकुर सुरू.

"ताई, तुझी पंचरंगी माझ्या जंगलात घुसलीय. पाखरं फळं खातात आणि बिया टाकत सुटतात."

"मग पाखरांना पकड! मी काय त्यांना रोपं बांधून देते?"

शेवटी एका सकाळी तो त्यांना ओढतच घेऊन गेला. टेकडीच्या उतारावर डोक्याच्या वर गेलेली घाणेरी, आत हातभर पुढचं दिसेना. रानडुकरांनी ये-जा करून पाडलेल्या बोगद्यात भाऊ वाकून शिरला. काकू बाहेरच थांबल्या.

आत काहीतरी घुरघुरलं. काटक्या कडाकडा मोडल्या. भाऊ एकदाच ओरडला आणि मग सगळं चिडीचूप.

"अरे! बोल ना रे!"

माणसं आणायला वनखात्याच्या नाक्यावर जायचं तर अर्धा तास. काकूंनी एप्रनमधली छाटणीची कात्री काढली आणि रांगत आत शिरल्या. काट्यांनी दंड सोलवटले. दहा-बारा हात गेल्यावर भावाचे बूट दिसले, मग दबका आवाज आला.

"ताई, हलू नकोस. डुकरीण आहे, पिल्लं आहेत तिची."

डाव्या बाजूला, पानांआड, कुणीतरी जोरजोरात श्वास घेत होतं. काकूंनी डोळे मिटले नाहीत. घाम डोळ्यांत उतरला तरी पुसला नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मग पिल्लांची कुईकुई लांब लांब गेली आणि त्यामागे जड पावलं.

भावाची मांडी फाटली होती. एप्रन करकचून बांधला, पण त्या बोगद्यातून त्याला ओढणं अशक्य. काकू एकेक फांदी कापत वाट करू लागल्या. कापता कापता एक गुच्छ तोंडासमोर आला. जांभळ्या काठाचा. त्यांचा हात थबकला.

"कळलं?" भाऊ कण्हत म्हणाला.

"गप पड," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा कात्री चालवू लागल्या.

ते बाहेर पडले तेव्हा आरडाओरडा ऐकून लाकूडतोडे धावत आले होते. पाय वाचला, पण भाऊ लंगडतो. आता तो नाक्यावर बसून काम बघतो.

दवाखान्यातून आल्यावर काकूंनी, ज्यांच्या फांद्या लावून रोपं करत, ती सगळी मातृझाडं मुळासकट उपटली. "मग आम्ही कुंपणाला लावायचं काय?" म्हणत जुनी गिऱ्हाइकं सोडून गेली. अर्धी नर्सरी ओस पडली. लेक फोनवर म्हणाली, "आई, उशीरच झाला नाही का?"

"झालाच," काकू म्हणाल्या.

दर रविवारी त्या कुदळ घेऊन टेकडीवर जातात. नुसतं कापून भागत नाही, मूळ राहिलं की पुन्हा फुटतं. दोन वर्षांत ओढ्यापर्यंतची पायवाट मोकळी झालीय. बाकी टेकडी अजून फुललेलीच आहे.