कुणालाच न सापडलेली डबी

त्या डबीच्या पानावर ओळीनं अकरा जणांनी 'सापडली नाही' असं लिहून ठेवलं होतं. शेवटच्यानं तर पुढं हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं, आणि त्यालाही आठ महिने झाले होते. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून ते सगळं मोबाइलवरनं आम्हांला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "रविवारी गोव्याला जायचं. पहाटे पाचला निघायचं. हीच हुडकायची."

बाई म्हणजे माझ्या मुलीच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाई. राहायला बेळगावात, टिळकवाडीत. मुलगी त्यांच्या वर्गातून केव्हाच पुढं गेली, ओळख मात्र राहिली आणि वाढली. हा जिओकॅशिंगचा खेळ त्यांनीच आणला. जगभर माणसं छोट्या छोट्या डब्या लपवून ठेवतात आणि जागेची खूण मोबाइलवर टाकतात. आपण खूण धरून जायचं, डबी हुडकायची, आतल्या कागदाच्या पट्टीवर नाव लिहायचं आणि डबी होती तिथंच, होती तशीच ठेवून यायचं. आजूबाजूच्या कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. एवढाच खेळ.

पहिल्यांदा हे ऐकून आक्कानं विचारलं होतं, "मग मिळतंय काय आपल्याला?"

"सापडल्याचं समाधान," बाई म्हणाल्या.

"ते घरात किल्ली हुडकली तर बी मिळतंय की."

पण येळ्ळूरच्या किल्ल्याखाली पहिली डबी सापडली ती आक्कालाच. त्या दिवसापासून तिला या खेळाचं वेडच लागलं. आक्का माझी शेजारीण. वडगावात आमच्या घरांची भिंत एकच. त्यांच्याकडं साड्यांचे चार माग आहेत, आणि त्यातला एक तीस वर्षं तिच्या हाताखाली आहे. छप्पन्न वय, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, आणि बोलणं फटकळ.

मी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात, इन्स्पेक्शनला. मशीनवरून आलेला जॉब, म्हणजे तयार झालेला सुटा भाग, हातात घ्यायचा, मापाचा गेज लावायचा, आटे बघायचे, बरा असेल तो एका ट्रेमध्ये, बाद असेल तो दुसऱ्या. एकोणीस वर्षं हेच केलं. म्हणून बाई मला इन्स्पेक्टर म्हणतात. आणि या इन्स्पेक्टरला अख्ख्या वर्षात एकही डबी सापडली नव्हती. मी गवतात वाकलेली असायची तोवर पलीकडून आक्का ओरडायची, "गावली गं!" मी हसायची, टाळी द्यायची. आत मात्र लागायचं. त्यात गोव्याला निघालो त्याच महिन्यात कारखान्यात कॅमेऱ्यानं जॉब तपासणारं नवं मशीन आलं आणि मला पॅकिंगच्या कागदांवर बसवलं. "आता तुमच्या डोळ्यांना त्रास नाही," साहेब म्हणाले. चांगल्या मनानंच म्हणाले असतील. पण घरी येऊन मी बराच वेळ नुसती आरशासमोर उभी होते.

रविवारी आम्ही निघालो. बाईंची लहान गाडी, बाई चालवायला, मी शेजारी, मागं आक्का पाय आडवे टाकून. तिच्या मांडीवर भाकरी, शेंगाचटणी आणि भरल्या वांग्यांचा डबा. जांबोटी गेलं, चोर्ल्याचा घाट उतरलो. साखळी गावाच्या पुढं हवा चिकट झाली तशी आक्कानं काच खाली केली आणि म्हणाली, "आला समुद्राचा वास." समुद्र अजून तासभर लांब होता.

बाईंनी तीन बागा ठरवल्या होत्या, तिन्ही पाण्याच्या कडेला. अवघड डबी शेवटी.

पहिल्या बागेत बाईंनी आम्हांला गाडीतून नीट उतरूसुद्धा दिलं नाही. जांभ्या दगडाच्या कुंपणाजवळ गेल्या, एक सैल चिरा हलवला आणि मागून औषधाच्या बाटलीएवढी डबी काढली. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. वर्गात एखाद्याचं उत्तर बरोबर आल्यावर करतात तशी मान हलवत त्यांनी पट्टीवर तिघींची नावं लिहिली.

दुसऱ्या बागेत आक्काचे गुडघे बोलायला लागले. "तुमी हुडका, मी बसते," म्हणून ती बाकावर टेकली. मी आणि बाई माडांच्या बुंध्यांपाशी वाकून वाकून बघत होतो. दहाएक मिनिटांनी आक्का शांतपणे म्हणाली, "इकडं या. पळू नका, लोक बघत्यात." बसल्या बसल्या तिनं बाकाखाली हात फिरवला होता. लोखंडी पट्टीला चुंबकानं चिकटवलेली काडेपेटीएवढी डबी तिच्या बोटांना लागली होती. मागावर तुटलेला धागा ती न बघता बोटांनी धरते, तशीच ही धरली.

"इन्स्पेक्टर, आता तुझी पाळी," बाई म्हणाल्या. मी हसले, पण या वेळी टाळी दिली नाही.

तिसरी बाग लांबट होती. एका अंगाला सुरूची झाडं, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि त्याच्या कडेनं लोखंडी कठडा, मधून फिरायची वाट आणि वाटेवर हिरव्या रंगाचे दिव्यांचे खांब. मोबाइलवरची खूण वाटेच्या मधोमध दाखवत होती. म्हणजे आजूबाजूला पाच-सात पावलांत कुठंही. लपवणाऱ्यानं मदत म्हणून एकच ओळ लिहिली होती, आणि तीही मराठीत: 'माझ्यावाचून काही अडलेलं नाही.'

"म्हणजे नको असलेली वस्तू," बाई म्हणाल्या. आम्ही नको असलेल्या वस्तू बघितल्या. मोडका नळ, रिकामी कुंडी, कोपरा फुटलेला बाक. कठड्याच्या पोकळ नळ्यांत बोटं घातली. सुरूच्या मुळांत काडी घालून बघितलं. आक्कानं वाटेवरचे सगळे बाक खालून चाचपले. ऊन डोक्यावर आलं आणि पदर घामानं भिजले. तासाभरानं मी मेंदीच्या कुंपणात हात घातला आणि मागून कोकणीत आवाज आला.

"कितें सोदतात गो तुमी?"

बागेचे राखणदार होते. खाकी शर्ट, पांढऱ्या मिशा, काखेत छत्री. आम्ही तिघी शाळेत पकडलेल्या मुलींसारख्या उभ्या राहिलो. त्यांनीच पुढं मराठीत सांगितलं. मधूनच कधीतरी कुणी ना कुणी येतं, मोबाइल बघत फिरतं आणि झाडं विस्कटून जातं. काय आहे हे एकदा कळू दे.

बाईंनी खरं ते सांगून टाकलं. डबी, पट्टी, नाव, हात हलवत परत गेलेले अकरा जण, सगळं. राखणदारांचा विश्वास बसला नाही. "एवढ्यासाठी बेळगावातून आलात?"

"व्हय. आनि न्हाय सापडली तर तशाच जानार," आक्का म्हणाली.

मी म्हणाले, "काका, झाडांना आम्ही हात लावणार नाही. शब्द देते." ते मान डोलावत जवळच्या दिव्याच्या खांबाला पाठ टेकून उभे राहिले. बहुतेक आमचं शेवटी काय होतं ते बघायला.

बाईंनी घड्याळ बघितलं. अंधारात घाट नको, त्यामुळं अजून अर्धा तास, मग निघायचं, असं ठरलं. मी वाटेच्या कडेला दगडावर बसले. डोळे दुखत होते. डबी, डबी म्हणून एवढं बघितलं होतं की आता सगळीकडं डब्याच दिसत होत्या. म्हटलं, आता डबी बघायचीच नाही. पाच मिनिटं नुसतं बसायचं.

आणि सवयीनं मी लोखंड बघायला लागले. कठडा बरा केला होता. वेल्डिंग जरा घाईचं. प्रत्येक पायाला चार बोल्ट, खाऱ्या हवेनं खाल्लेले, षटकोनाचे कोपरे झिजून गोल झालेले, आट्यांत रंगाचे थरावर थर. दिव्याच्या खांबालाही खाली चार बोल्ट, तसेच. गुडघ्याएवढ्या उंचीवर वायरींचं झाकण, त्याला दोन स्क्रू. त्याच्या वर, काकांच्या खांद्याशेजारी, एक बोल्ट.

तो कशाला?

बोल्ट असला की त्याला काहीतरी धरायचं असतं. इकडची पट्टी, तिकडचा पाइप, झाकण, फळी, काहीही. तिथं धरायला काहीच नव्हतं. सरळ गुळगुळीत पाइप आणि त्याच्या मधोमध एकटं बोल्टचं डोकं. मी उठून पुढच्या खांबाकडं गेले. तिथं बोल्ट नव्हता. त्याच्या पुढच्यावर नव्हता. मागच्या दोहोंवरही नव्हता. परत आले.

"काका, जरा बाजूला व्हा."

ते सरकले. मी तोंड जवळ नेलं. रंग तोच हिरवा, पण एकाच हाताचा. कोपरे अजून धारदार, आजच मशीनवरून उतरल्यासारखे. खालचे चार म्हातारे आणि हा तरणा. मी त्याला हात लावला नाही. आधी आक्काला आणि बाईंना हाक मारली.

"हा बोल्ट काय धरतोय सांगा."

बाईंनी बघितलं. एकदा खांबाकडं, एकदा माझ्याकडं. मग त्यांचं तोंड हळूहळू उघडलं. "माझ्यावाचून..." एवढंच म्हणाल्या आणि हातानं तोंड दाबून धरलं.

मी बोल्ट चिमटीत धरला आणि फिरवायच्या ऐवजी सरळ ओढला. टक् असा आवाज झाला आणि तो हातात आला. मागं बोटाच्या पेराएवढा चुंबक. डोकं पिळलं तर आटे सुटले. आतून पोकळ, आणि त्यात गुंडाळलेली कागदाची पट्टी.

आक्का ओरडली. अशी ओरडली की सुरूवरचे कावळे उडाले आणि पलीकडं भेळ खात बसलेलं एक कुटुंब वळून बघायला लागलं. खेळाचा नियम एकदम आठवून ती त्यांना म्हणाली, "काय न्हाय, काय न्हाय, गुडघा सुटला माझा!" आणि पुन्हा मला मिठी मारून हसायला लागली. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. मला पहिल्यांदा हसू आलं, मग रडू, मग दोन्ही.

काका खांबाकडं बोट दाखवून म्हणत होते, "मी रोज हांगा पाठ टेकतो. रोज!" त्यांनी बोल्ट हातात घेऊन उलटसुलट केला, चुंबक खांबाला लावला, काढला, परत लावला. "आनी हे अकरा जण माझी मेंदी उपटून गेले."

पट्टीवर पहिलं नाव मी लिहावं असं बाईंनी ठरवलं. मी पेन घेतलं. नाव एवढं मोठं आलं की आक्का म्हणाली, "आमाला जागा ठेव गं, कागद हाय का फळा हाय?" तिनं कन्नड शाळेत शिकलेल्या वळणदार अक्षरांत तिचं नाव लिहिलं, बाईंनी तारीख घालून सही केली. मग मी पट्टी काकांपुढं धरली.

"माझं कशाला?"

"इतके दिवस राखली तुम्ही. लिहा."

त्यांनी खिशातलं स्वतःचं पेन काढलं आणि खांबाला कागद टेकवून सावकाश नाव लिहिलं. मी पट्टी गुंडाळली, आटे पिळले आणि बोल्ट होता तिथंच लावला, डोकं होतं त्याच दिशेला. काका दोन पावलं मागं जाऊन बघत राहिले. "आता मला तोच दिसतोय सगळीकडून," म्हणाले. कुणाला सांगणार नाही, असं त्यांनी आपणहून कबूल केलं.

भाकरी आम्ही चौघांनी सुरूच्या सावलीत खाल्ली. शेंगाचटणीनं काकांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्यांनी दोनदा मागून घेतली. मग आक्का उठली, साडी पोटऱ्यांपर्यंत खोचली आणि कठड्याच्या फटीतून पायऱ्या उतरून वाळूत गेली. गुडघे धरून नाही, चांगली ताठ. लाट आली तशी तिनं आम्हांला हाक मारली. आम्ही दोघी चपला हातात घेऊन धावलो. अर्धा तास आम्ही तिघी पाण्यात उभ्या होतो आणि त्या दोघींनी बोल्टची गोष्ट मला चार वेळा पहिल्यापासून सांगायला लावली. दर वेळी 'तो कशाला?' आलं की आक्का माझ्या पाठीत थाप मारायची.

परत निघताना बाईंनी गाडीची किल्ली माझ्यापुढं धरली. "माझे खांदे गेलेत. तू चालव."

लायसन होतं, पण मी गाडी चालवली होती ती फार तर शेजारच्या शहापूरपर्यंत भाजीला. घाट कधीच नाही. एरवी मी नकोच म्हटलं असतं. त्या दिवशी किल्ली घेतली, सीट पुढं सरकवली, आरसा माझ्या उंचीला लावला. साखळीपर्यंत खांदे ताठ होते, मग सैल पडले. घाटात समोरून मालट्रक उतरत होते. प्रत्येक वळणाला मी हॉर्न दिला, गिअर उतरवला, कड बघितली आणि गाडी वर नेली. बाई सुरुवातीला हात डॅशबोर्डवर धरून बसल्या होत्या. चौथ्या वळणानंतर त्यांनी हात मांडीवर घेतले, आणि सहाव्यानंतर डोळे मिटले.

"झोपल्या बाई," आक्का मागून हळू म्हणाली. "लई भारी चालवतीस गं."

घाटमाथ्यावर अजून उजेड होता. दरीतून गार वारं वर येत होतं. मी काच पूर्ण खाली केली, कोपर बाहेर काढलं आणि जांबोटीच्या सरळ रस्त्यावर गाडी वरच्या गिअरला टाकली.