वर्डमध्येच पाठव

झेरॉक्सच्या दुकानातला गरम कागदाचा वास आला की मला मरोळमधलं ते ऑफिस आठवतं आणि अजूनही डोकं फिरतं. कॉलेज संपून वर्ष झालं होतं. नोकरी लावून देणाऱ्या एजन्सीतल्या मॅडमनी फोनवर बजावलं होतं, "पीडीएफ नको गं, रेझ्युमे वर्डमध्येच पाठव." मी पाठवला. चार दिवसांनी आईने इस्त्री करून दिलेली कुर्ती घालून कांदिवलीहून इंटरव्ह्यूला गेले. एसीने बोटं गारठली होती. समोरच्या साहेबांनी प्रिंटरमधून नुकताच निघालेला कागद पाहिला आणि माझ्याशी चक्क गुजरातीत बोलायला लागले. मी म्हणाले, "सर, मला गुजराती येत नाही." त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "मग लिहिलंत कशाला? खोटं लिहिणारी माणसं आम्हाला नकोत." कागदावर नाव माझंच होतं, पण फोन नंबर एजन्सीचा होता, आणि मला येणाऱ्या भाषांमधली मालवणी काढून तिथे गुजराती बसवली होती. खाली उतरल्या उतरल्या मी मॅडमना फोन लावला. "अगं, त्यांना गुजराती येणारी हवी होती. मालवणीला कोण विचारतं? सगळ्यांचंच करतो आम्ही," त्या म्हणाल्या, जणू माझ्यावर उपकारच केले होते. खोटारडी मात्र मी ठरले. आता माझा रेझ्युमे पीडीएफमध्येच जातो, भाषांमध्ये मालवणी सगळ्यात वर असते, आणि कुणी वर्डची फाईल मागितली की मी आधी विचारते, "त्यात काय बदलायचंय तुम्हाला?"