तलावाचा कोतवाल

"घरी दिसत नाई म्हणून मेले का?" असं म्हणत तो माझ्या डोळ्यांवरची दुर्बीण हाताने खाली करायचा. बदकांच्या आकड्यावरून आमची दरवर्षी जुंपायची आणि सुरुवात याच वाक्याने व्हायची.

नागभीडकडच्या एका जुन्या तलावावर तो चौकीदार होता. तलाव आता पक्ष्यांसाठी राखीव आहे. मी जवळच्या शाळेत मास्तर. थंडीतल्या पक्षीगणनेला मी हौसेने जायचो; तो डोंगा, म्हणजे लहान होडी, वल्हवायचा, मी कागद भरायचो. तुम्ही कधी पक्षी मोजले असतील तर ठाऊक असेल, दिसेल तेवढंच लिहायचं असतं. पण त्याची हयात गावच्या कोतवालकीत गेली होती. जनगणनेला आलेल्या मास्तरांना घरोघर फिरवून त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती: माणूस कामाला बाहेर गेला तरी घरातच धरायचा.

"हळदीकुंकू बदकं बावीस," मी म्हणायचो.

"तीस लिवा, सर. आठ जनं मूल गावाच्या बाजूले चराले गेले."

"दिसत नाहीत ना, भाऊ."

"राइस मिलमधी गेलेला मानूस घरी दिसते का? त्याले तुमी खोडता?"

जांभळ्या पाणकोंबड्यांपाशी तर तो अडूनच बसायचा. कुटुंबप्रमुख कोण, हे आधी ठरवून हवं असायचं. एकदा एका कोंबडीकडे पाहून दबक्या आवाजात म्हणाला, "हिले मोजू नका. माहेरपणाले आली हाये." मी तिला वगळलं, कारण डोंगा त्याचा होता आणि मला पोहता येत नाही.

मग एका वर्षी गणनेला वनखात्याचे नवे साहेब आले. तलावावर चौकीदार ठेवला होता तो सारसांच्या जोडीसाठी. साहेबांनी काठावरच सांगून टाकलं, "आज जोडी दिसली तर चौकी राहील. नाही तर बंद."

सकाळी सारसांचा पत्ता नव्हता. त्याने साहेबांना डोंग्यात बसवून एकाच बेटाला पाच फेऱ्या घातल्या.

"हा बगळा मघाशी पाहिला," साहेब म्हणाले.

"त्याचा भाऊ असन, साहेब."

दुपारी त्याने तांदळाची भाकर आणि वांग्याची भाजी इतक्या आग्रहाने वाढली की साहेब चौकीच्या ओसरीवर आडवेच झाले. मी आपला आभाळाकडे डोळे लावून बसलो होतो. या वयात त्याला दुसरी नोकरी कोण देणार होतं?

ऊन उतरताना सारस आला. धानाच्या बांधीत, भाताच्या खाचरात उतरला आणि उभा राहिला. एकच होता.

साहेब डोळे चोळत उठले. पोटभर जेवणाने माणूस नरमला होता. पेन उघडून ते हसत म्हणाले, "दुसरा चरायला गेला असेल, नाही का?" मी मनात म्हटलं, आता नुसतं हो म्हण, बाबा.

त्याने डोक्याचा दुपट्टा सोडून हातात घेतला.

"नाई, साहेब. मादी परवा तारेले लागून मेली. मीच पुरली. राह्यला तो तरी पाहून जा, म्हणून तुमाले थांबवलं. त्याले राखन पाह्यजे. एक लिवा."

साहेबांनी एक लिहिला.

ते गेल्यावर मी भडकलो. "इतकी वर्षं माझ्याकडून खोटी बदकं लिहवून घेतलीत, भाऊ. आज तुमच्या पोटावर पाय येत होता, तर एक सारस वाढवून सांगणं जड झालं?"

तो माझ्याकडे पाहतच राहिला, जणू एवढं साधं मास्तराला कसं कळत नाही.

"बदकं खोटी नवती, सर. ती वापस येनार होती."

महिन्याभरात चौकी बंद झाली आणि तो लेकीकडे राहायला गेला. गणना अजून होते. कागदावर दिसतील तेवढेच पक्षी असतात आणि कोणी शंका काढत नाही. मला मात्र त्याच्याशी भांडल्याशिवाय करमत नाही.