कानाला लावलेली नळी

पप्पांनी पुन्हा कार्बोरेटर उघडला, तेव्हा माझं डोकंच फिरलं. बदलापूरच्या आमच्या बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये त्यांची गाडी, माझ्याहून वयाने मोठी, बॉनेट वर करून उभी होती. कार्बोरेटरचे पेट्रोल सोडणारे जेट फुंकून झाले, त्यातला फ्लोट तपासून झाला, तरी रेस सोडली की इंजिन थरथरायचं आणि बंद पडायचं. शनिवारपर्यंत सुधारली नाही तर भंगारात, असं त्यांनी स्वतःच जाहीर केलं होतं. आज शनिवार. संध्याकाळी भंगारवाला येणार होता आणि मला एका जागी बसवत नव्हतं.

"मॅनिफोल्ड हवा घेत असेल," मी म्हणाले. कार्बोरेटर ज्या पाइपांवर बसतो, त्यांच्या जोडाचं पॅकिंग फाटलं की बाहेरची हवा आत शिरते.

"बघितलं मी. काही नाही तिथे."

बघायची त्यांची पद्धत ठरलेली. रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं चालू इंजिनच्या जोडावरून हळूहळू फिरवायचं. गळती असेल तिथे सूं ऐकू येतं. अंबरनाथच्या कारखान्यात उभा जन्म मशिनांजवळ काढलेला माणूस. त्यांच्या कानावर शंका घ्यायची आमच्या घरात रीत नव्हती.

पण मला धीर कुठला. कार्बोरेटर बसवून त्यांनी एका हाताने रेस धरून इंजिन चालू ठेवलं, तेव्हा दुसऱ्या हातातली नळी ओढून मी कानाला लावली. मागच्या बोल्टपाशी कुकरची वाफ सुटावी इतका स्पष्ट आवाज येत होता.

"इथे आहे," एवढंच म्हणाले.

इंजिन थंड होईपर्यंत मी पार्किंगमध्ये येरझारा घातल्या. पप्पांनी मॅनिफोल्ड खोललं, मी जुनं पॅकिंग घेऊन स्कूटरवरून उल्हासनगर गाठलं.

"ये अब नहीं आता, शीट से काट के देता हूँ," दुकानदार म्हणाला. तो निवांत कापत होता आणि मी काउंटरवर बोटं वाजवत होते.

परतल्यावर पप्पांनी पॅकिंग बसवलं, बोल्ट आवळले, आत बसून चावी फिरवली. इंजिन घुरघुरलं. त्यांनी रेस सोडली आणि ते इतकं मऊ चालू लागलं की मला हसू फुटलं.

"बंद पडली परत," म्हणत ते दार उघडून उतरले. "येऊ दे त्याला."

"पप्पा, चालू आहे."

ते नुसते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी त्यांचा ऑइलने काळा झालेला हात धरून मडगार्डवर ठेवला. पत्र्याखाली बारीक, एकसारखी थरथर होती. बराच वेळ त्यांनी हात उचलला नाही.

"नको म्हणून सांग त्याला," ते म्हणाले. "फोन तूच कर. मला फोनवरही नीट ऐकू येत नाही आता."