आत्यांचं ‘नगं’

पुण्याहून वाईची एसटी सुटली आणि शिरवळ यायच्या आत शेजारच्या बाईंना माझं माहेर, सासर, नोकरी आणि मला अजून मूल का नाही, हे सगळं कळलेलं होतं.

मी जर्मनीत एका लहानशा गावातल्या वृद्धाश्रमात नर्स आहे. दोन वर्षांनी सुट्टीवर येत होते. तिकडच्या गाडीत माणसं पुस्तकात डोकं घालून बसतात. गेल्या गेल्या मी एकदा शेजारणीला ‘कुठे निघालात?’ असं विचारलं, तर तिला वाटलं मी रस्ता चुकलेय. तिनं बिचारीनं सगळं वेळापत्रक समजावून सांगितलं. त्या शांततेनं सुरुवातीला मला रडू यायचं. आणि आता खंबाटकी चढताना आमच्याच बोलीच्या कल्लोळानं माझं डोकं दुखत होतं!

“फारीनला ऱ्हाता न्हवं? मग एवढ्या वाळलाय कशानं?” असं म्हणून त्या बाईंनी पिशवीतले दोन पेरू माझ्या हातात कोंबले. सुरूरला गाडी वळेपर्यंत मी दोन्ही खाल्ले होते आणि डोकंही दुखायचं थांबलं होतं.

वाईला आई स्टँडवर आली होती. दुसऱ्या दिवशी घाटाजवळच्या वर्षामावशीकडे बाराला जेवायला बोलावलं होतं. मी बाराच्या ठोक्याला दारात. मावशी नुकती न्हाऊन केस पुसत बाहेर आली, मला बघून दचकली आणि आत पळाली. मी कट्ट्यावर बसून कृष्णेचं पाणी बघत राहिले. आई सावकाश एकला उगवली. “अगं, बाराचं बोलावणं म्हणजे बाराला निघायचं असतं,” ती म्हणाली. “तिकडं जाऊन एवढंही विसरलीस?” मावशीनं मात्र मला पुरणपोळी वाढताना सूड उगवला. पाचवी पोळी पानात पडली तेव्हा मला उठवेना.

वाईहून सातारा, कऱ्हाड करत विट्याच्या बाजूला आमच्या गावी पोचले. कऱ्हाडपर्यंत उसाचं हिरवं रान, आणि तिथून पूर्वेला वळलं की हळूहळू माळ सुरू होतो. हे माझं सासर. महेशची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, इथं डाळिंबाची बाग आहे. घरी तो आणि आत्या. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. घर मेंढपाळांचं, तरुणपणी आत्या दर वर्षी मेंढरं घेऊन, तान्ह्या महेशला पाठीशी बांधून, पायी कोकणात उतरायच्या. आता चार शेरडं (शेळ्या) आहेत, ती त्यांचा जीव.

त्यांनी माझ्यासाठी माडगं (हुलग्याच्या पिठाचं पातळ कढण) केलं होतं. पहिल्या घोटालाच दोन वर्षांचा शीण उतरला. जेवता जेवता मी म्हटलं, “आत्या, उन्हाळ्यात महेश माझ्याकडे येणारच आहे. तुम्हीही या. तुमचा पासपोर्टही काढलेलाच आहे.”

“नगं बाई,” भाकरी थापता थापता आत्या म्हणाल्या. “मी काय करू तितं? शेरडं कोन बघंल?”

“बरं,” मी म्हटलं आणि माडग्याची वाटी पुढे केली.

आता हे ‘बरं’ मला जर्मनीनं शिकवलेलं. पहिल्या वर्षी कामावरच्या एका मैत्रिणीच्या घरी केक पुढे आला, तेव्हा मी आपल्या रीतीप्रमाणे लाजून ‘नको’ म्हटलं. बशी सरळ पुढच्या माणसाकडे गेली, परत आलीच नाही. घरी येऊन मी भात शिजवून खाल्ला. तेव्हापासून पक्कं ठरवलं, नको म्हणजे नको, हो म्हणजे हो. आत्यांच्या मनाचा मी मान राखला, असंच मला वाटत होतं.

पण दुसऱ्या दिवसापासून घरातली भांडी जरा जास्तच वाजायला लागली. चहा बिनसाखरेचा आला. महेशनं विचारलं, “आये, काय झालं?” “काय न्हाई,” म्हणून त्या शेरडांकडे गेल्या. मी कितीदा जवळ गेले, तरी बोलणं हो-नाहीच्या पुढे सरकेना. मनातून मी घाबरले. नवऱ्याला सोडून परदेशी राहणारी सून खरं तर त्यांना खटकतच असणार, ते आता बाहेर येतंय, असं वाटलं.

त्याच घोरात सांगलीला गेले. नर्सिंगची माझी मैत्रीण पद्मजा तिथं राहते. जैन घर, त्यामुळे जेवण दिवस मावळायच्या आत. पद्मजाच्या आईंनी आमटी वाढता वाढता माझं रडगाणं ऐकलं आणि पळी हवेतच थांबवली.

“कितीदा विचारलंस?”

“एकदा.”

“एकदाच? अगं, एकदा विचारणं म्हणजे न विचारणंच की!”

परत आले तर गोठ्यापाशी शेजारच्या सुमनकाकू भेटल्या. “तुजी सासू कवा निगनार गं?” त्यांनी विचारलं. “शेरडं माज्याकडं ठिवायचं ठरवलंय तिनं, तू यायच्या आदीच. विट्याच्या बाजारातनं लोकरीचा सोटर बी आनलाय.”

मला हसावं की रडावं कळेना. आत्या उंबऱ्यावर शेंगा फोडत होत्या. मी शेजारी बसून शेंगा फोडायला घेतल्या. “आत्या, चला ना माझ्याकडे.”

“नगं म्हनलं न्हवं?”

“का पण?”

त्यांनी मूठभर शेंगा माझ्यापुढे सरकवल्या. मग त्या म्हणाल्या, “दिसभर म्हाताऱ्यांचं करून दमून येनार तू. घरी आनिक येक म्हातारी. तुला कशाला तरास?”

“आत्या, दिवसभर मी दुसऱ्यांच्या आयांना भरवते, न्हाऊ घालते,” मी म्हटलं. पुढचं बोलताना डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “आणि घरी येऊन कुलूप उघडते, तेव्हा आत कुणीच नसतं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पदरानं माझं तोंड पुसलं; शेंगांची माती माझ्या गालाला लागली.

“थंडी लय असती व्हय तितं?”

“उन्हाळ्यात नाही.”

“तरी सोटर घ्याय पायजे,” आत्या गंभीरपणे म्हणाल्या.

मी ‘हो’ म्हटलं. सुमनकाकूंचं नाव काढलं नाही.

मी एकटीच जर्मनीला परतले, व्हिसाची धावपळ महेशनं केली. ते दोघं निघायच्या दोन दिवस आधी आत्यांचा फोन आला. “आमी येनार म्हनून गलका करू नगंस. उगं समदी गल्ली जमंल घरात बगायला. च्या कितीदा ठेवशील?”

आत्यांचं ‘नगं’ आता मला कळत होतं. फोन ठेवून मी खिडकीत उभी राहिले. आमच्या जिन्यावर चार बिऱ्हाडं आहेत आणि दोन वर्षांत त्यांतलं एकही माझ्या घरात आलेलं नाही, मीही गेलेले नाही. आधी विचारल्याशिवाय इथं कुणी कुणाचं दार वाजवत नाही. ते दूर राहतात ते आपल्याला त्रास नको म्हणून, आणि आपली माणसं घरात घुसतात ती आपण एकटं पडू नये म्हणून. दोन्हीत मायाच असते, हे कळायला मला विट्यापर्यंत जावं लागलं.

मी चपला घातल्या आणि समोरच्या बिऱ्हाडाची बेल वाजवली. दार उघडणाऱ्या आजोबांच्या चेहऱ्यावर काळजी उमटली. कुठे पाणी गळतंय का, त्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. “शनिवारी माझ्या सासूबाई येताहेत. बघायला या.”

ते क्षणभर गोंधळले. मग आत वळून बायकोला मोठ्यानं हाक मारली. त्या जिन्यावर एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.